केंब्रिजच्या जुन्या इमारती: किंग्ज चॅपल आणि पंटच्या पलीकडे

कॅमकाठ

लंडनहून एका दिवसात केंब्रिज करून जाणारे बरेच मराठी पाहुणे भेटतात. किंग्ज चॅपलसमोर फोटो, पाऊण तास पंटमधून (बांबूने ढकलायची चपट्या तळाची होडी) फेरी, लाकडी पूल, न्यूटनच्या नावाचं सफरचंदाचं झाड, की झालं. गाव आवडलं असं सगळे मनापासून सांगतात. पण ज्या हिरवळीचे फोटो काढले तिथे पूर्वी काय होतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून हा धागा काढते आहे. जे तिथे शिकलेत, राहिलेत किंवा नुसते फिरून आलेत त्यांनी भर घालावी.

केंब्रिज हे आधी नदीवरचं बंदर होतं, विद्यापीठ मागाहून आलं. इथली कुठलीही जुनी वास्तू घ्या, गाव आणि विद्यापीठ यांच्या ओढाताणीचा किंवा क्वचित सहकार्याचा तिच्याशी संबंध निघतोच. तेवढं लक्षात ठेवून पाहिलं की कोणती इमारत कुठे आणि का आहे हे उलगडत जातं.

कॅम छोटी नदी आहे. पुढे ती ऊझला मिळते आणि ऊझ किंग्ज लिनजवळ समुद्राला. धान्य, मासळी, कोळसा, दगड, सगळं याच वाटेने होड्यांतून यायचं. १०६८ मध्ये इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम राजाने उत्तरेच्या टेकाडावर किल्ला बांधला तो नदीच्या उतारावर नजर ठेवायला. किल्ल्याचा मातीचा उंचवटा आजही चढता येतो. खालचा मॅग्डलीन पूल (उच्चार ‘मॉडलिन’) जिथे आहे तिथेच जुना पूल होता. विद्यापीठाची सुरुवात १२०९ ची. ऑक्सफर्डमध्ये गावकऱ्यांशी भांडण झालं, तिथून बाहेर पडलेले विद्वान इथे आले. पहिलं कॉलेज पीटरहाउस, १२८४.

आता ती हिरवळ. कॉलेजांच्या मागची नदीकाठची पट्टी, जिला ‘बॅक्स’ म्हणतात. किंग्जच्या आसपास आज जिथे गवत पाण्यापर्यंत उतरतं, तिथे धक्के होते, होड्या लागायच्या. १४४१ मध्ये सहाव्या हेन्रीने किंग्ज कॉलेज काढलं आणि त्यासाठी गावाचा मधलाच तुकडा घेऊन मोकळा केला. घरं गेली, धक्के गेले, सेंट जॉन झकरी नावाचं चर्च गेलं, आणि नदीला समांतर जाणारा मिल्न स्ट्रीट हा मोठा रस्ता मधोमध तुटला. हे आजही पायी पाहता येतं. क्वीन्स लेनमधून उत्तरेकडे चालत जा, रस्ता किंग्जच्या हद्दीशी अडतो. मग वळसा घालून ट्रिनिटी लेनमध्ये या. तो त्याच रस्त्याचा दुसरा तुकडा. मला तर केंब्रिजमधली ही सगळ्यात बोलकी जागा वाटते, आणि तिथे एकही पाटी वाचत थांबलेला पर्यटक दिसत नाही.

बरं, एवढं पाडून राजाला जो भव्य चौक बांधायचा होता तो झालाच नाही. चॅपलचं काम १४४६ ला सुरू झालं, वॉर्स ऑफ द रोझेसमध्ये, म्हणजे गादीवरून झालेल्या यादवी युद्धांत, राजा पदच्युत झाला, काम रखडलं. चॅपलशेजारची पुढची इमारत, जिब्ज बिल्डिंग, उभी राहायला १७२४ उजाडलं. लोकांची घरं पाडून मोकळी केलेली जमीन इतका काळ बरीचशी तशीच पडून होती.

आणखी एक. माल नेणाऱ्या होड्या घोडे ओढत. पण कॉलेजांनी आपल्या काठावरून घोड्यांना वाट द्यायला नकार दिला. मग नदीच्या तळाशी खडीचा उंचवटा घातला गेला आणि घोडे पाण्यातून चालत होड्या ओढू लागले! १८४५ ला रेल्वे आली तेव्हा ही वाहतूक हळूहळू संपली. पंटमध्ये बसाल तेव्हा बांबूने तळ चाचपणाऱ्या त्या मुलाला हे जरूर विचारा.

गावाचं म्हणून काही पाहायचं असेल तर सेंट बेनेट्स चर्चचा मनोरा पाहा. सॅक्सन काळातला, सुमारे हजार वर्षांचा, म्हणजे विद्यापीठाहून जवळपास २०० वर्षं जुना. त्याला लागून कॉर्पस क्रिस्टी कॉलेज आहे, १३५२ चं. ते कुणा राजाने किंवा बिशपने काढलेलं नाही, गावातल्या व्यापारी-कारागिरांच्या संघांनी काढलं. आणि १३८१ च्या शेतकऱ्यांच्या उठावात गावकऱ्यांनी नेमकं त्याच कॉलेजवर चाल केली, विद्यापीठाची कागदपत्रं बाजारचौकात आणून जाळली. मार्जरी स्टार नावाच्या म्हातारीने ती राख वाऱ्यावर उधळली अशी नोंद आहे. बाजार अजून त्याच चौकात भरतो.

निनाद_प

फारच छान माहिती. जूनमध्ये आम्ही चौघं येतोय, सोबत सासूबाई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. स्टेशनपासून चालता येईल का? आणि कॉलेजांमध्ये आत सोडतात का?

कॅमकाठ

निनाद, स्टेशन ते मध्यवर्ती भाग जवळजवळ दोन किलोमीटर आहे, त्यांना चालवू नका, बस घ्या. आणि हे अंतरसुद्धा या धाग्याच्याच विषयातलं. रेल्वे येणार म्हटल्यावर विद्यापीठाला धास्ती होती की मुलं लंडनला पळतील, त्यामुळे स्टेशन गावाबाहेर गेलं. विद्यार्थ्यांना गाडीत चढण्यापासून रोखायचा अधिकारही विद्यापीठाने कायद्यात घालून घेतला होता. स्टेशनच्या दर्शनी कमानींची रांग मात्र सुरेख आहे, तिच्यावर कॉलेजांची चिन्हं आहेत. उतरल्यावर मागे वळून बघा.

एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत परीक्षा असतात, बरीच कॉलेजं पाहुण्यांना बंद असतात. जूनच्या शेवटाकडे आलात तर बरं. काही ठिकाणी तिकीट आहे. सासूबाईंना ग्रेट सेंट मेरीज चर्चच्या मनोऱ्यावर नेऊ नका, सव्वाशेच्या आसपास अरुंद पायऱ्या आहेत. त्या खाली बाकावर बसून टोल ऐकू देत. १७९३ मध्ये इथल्या घड्याळासाठी जी सुरावट रचली तीच पुढे लंडनच्या बिग बेनने उचलली, आणि तिथून ती जगभरच्या घड्याळांत गेली.

पूलवेडा

मी स्ट्रक्चरल इंजिनियर, पुण्याचा. क्वीन्स कॉलेजच्या लाकडी पुलाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. कारण त्याच्याबद्दल पंटवर जे सांगतात ते ऐकून जीव तळमळतो.

गोष्ट अशी सांगतात की न्यूटनने हा पूल एकही खिळा-बोल्ट न वापरता बांधला, मग विद्यार्थ्यांनी तो उत्सुकतेपोटी सोडवला आणि परत जोडता येईना, म्हणून बोल्ट घातले. न्यूटन १७२७ ला वारला. पूल १७४९ चा. आराखडा विल्यम एथरिज याचा, बांधला जेम्स एसेक्सने. एथरिज हा लंडनच्या वेस्टमिन्स्टर पुलाच्या कामावरचा कसलेला सुतार होता. सुरुवातीपासून जोडांना लोखंड होतंच. बाहेरच्या बाजूने ठोकलेलं असल्यामुळे पुलावरून चालणाऱ्याला दिसत नसे, इतकंच.

खरी गंमत पुढे आहे. पूल कमानदार दिसतो, पण त्यात एकही वाकवलेलं लाकूड नाही. सगळ्या तुळया सरळ. प्रत्येक तुळई त्या काल्पनिक वर्तुळाला स्पर्शिका म्हणून ठेवलेली, आणि त्यांना धरून ठेवणारी लाकडं वर्तुळाच्या केंद्राकडे तोंड करून लावलेली. त्यातून त्रिकोण तयार होतात, आणि त्रिकोण आकार सोडत नाही. भार बहुतेक दाबाच्या रूपात तुळयांच्या लांबीने काठाकडे जातो. सरळ लाकूड मिळतं, कापायला सोपं, आणि एखादं कुजलं तर तेवढंच बदलता येतं. म्हणूनच १८६६ ला दुरुस्ती आणि १९०५ ला पूर्ण नवा बांधूनही पूल तोच राहिला. मूळचा ओकचा होता, १९०५ पासून सागाचा आहे. सिल्व्हर स्ट्रीटच्या पुलावर उभं राहून पाहा, स्पर्शिका एकेक करून मोजता येतात.

त्याच नदीवर क्लेअर कॉलेजचा दगडी पूल आहे, १६४० चा, तिथल्या उभ्या पुलांमध्ये सगळ्यात जुना. थॉमस ग्रंबोल्डला त्याच्या नकाशाचे ३ शिलिंग मिळाले. कठड्यावर दगडाचे १४ गोळे आहेत, त्यांतल्या एकाची मागची फाक कापलेली आहे. आणि पूल मध्यभागी खचलाय, डोळ्यांनी दिसतो इतका. दगडी कमान खचून पुन्हा स्थिरावली की शेकडो वर्षं तशीच उभी राहते, याचा इतका स्वच्छ नमुना मी दुसरीकडे पाहिला नाही. नव्या मुलांना शिकवताना मी याच दोन पुलांचे फोटो दाखवतो.

अंजर्लेकर

केंब्रिज म्हटलं की आमच्या पंचक्रोशीत एकच नाव. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. फर्ग्युसनमध्ये शिकून सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, सेंट जॉन्स कॉलेजात. १८९९ च्या गणिताच्या ट्रायपॉसमध्ये (पदवी परीक्षेत) सीनियर रँग्लर, म्हणजे पहिला क्रमांक, जॉर्ज बर्टविसलच्या बरोबरीने. हा मान मिळवणारे पहिले भारतीय. (रँग्लर, म्हणजे पहिल्या वर्गात येणारे, पहिले भारतीय आनंदमोहन बोस, १८७४.) परत येऊन १९०२ पासून दोन दशकं फर्ग्युसनचे प्राचार्य. महर्षी कर्व्यांचे ते नात्यातले, आणि त्यांच्याच आधाराने शिकलेले. आमच्याकडे ‘रँग्लर’ ही पदवी नसून जणू त्यांच्या नावाचाच भाग आहे.

मला विचारायचं आहे ते हे, की तो निकाल कुठल्या इमारतीत लागला? ती जागा अजून आहे का? वडिलांना तिचा फोटो हवा आहे.

कॅमकाठ

आहे, आणि जशीच्या तशी आहे. सेनेट हाउस. ग्रेट सेंट मेरीजच्या समोर, पांढऱ्या दगडाची, उंच खांबांची. जेम्स जिब्जने १७२२ ते १७३० मध्ये बांधली, तोच ज्याने किंग्जमधली ती उशिरा आलेली इमारत केली. गणिताचा निकाल तिथे आतल्या सज्जातून मोठ्याने वाचून दाखवत, नावं क्रमाने. मुर्डीच्या मुलाचं नाव त्या दिवशी तिथे पहिल्या क्रमांकावर पुकारलं गेलं. नावं क्रमाने लावण्याची पद्धत १९०९ ला बंद झाली.

वडिलांसाठी आणखी दोन फोटो घ्या. सेंट जॉन्सचं मोठं दार, ज्याच्यावर कॉलेजच्या संस्थापिका लेडी मार्गरेट बोफर्टची काल्पनिक प्राणी असलेली रंगीत राजचिन्हं कोरली आहेत. आणि त्याच कॉलेजचा ब्रिज ऑफ साइज, १८३१ चा, वरून झाकलेला, खिडक्यांत जाळी असलेला. परांजपे तिथे होते तेव्हा हे दोन्ही होतं.

सुधा_काकू

अंजर्लेकर, तुमचा प्रतिसाद वाचून अभिमान वाटला. पण त्या सेनेट हाउसची दुसरी बाजूही इथे नोंदवायला हवी.

परांजपे पहिले आले त्याच्या नऊ वर्षं आधी, १८९० मध्ये, न्यूनहॅम कॉलेजच्या फिलिपा फॉसेटला गणितात सीनियर रँग्लरपेक्षाही जास्त गुण मिळाले होते. सज्जातून तिचं नाव वाचलं ते ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असं. पण ती सीनियर रँग्लर म्हणवली गेली नाही, तिला पदवीही मिळाली नाही, कारण ती स्त्री होती. १८९७ मध्ये स्त्रियांना पदव्या द्यायच्या का यावर याच इमारतीत मतदान झालं. विरोधकांनी समोर सायकलवर बसलेल्या बाईची बाहुली टांगली होती. प्रस्ताव प्रचंड मतांनी पडला. पूर्ण पदवी मिळायला १९४८ उजाडलं. म्हणजे आपण स्वतंत्र झालो त्याच्याही नंतर.

आणि आता आपल्या माणसाबद्दल. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, दुर्गाबाईंची बहीण. बंगळूरच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता, तो त्यांनी हट्टाने मिळवला. मग केंब्रिजला न्यूनहॅममध्ये. संशोधन टेनिस कोर्ट रोडवरच्या जीवरसायनशास्त्राच्या इमारतीत, जिथे फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स प्रमुख होते. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी (पेशींच्या श्वसनाला लागणारं प्रथिन) असतं हे त्यांनी दाखवलं. १९३९ ची पीएच.डी. विज्ञानात ती मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री. त्या वेळचा नियम असा की स्त्रीला पदवीचा किताब मिळे, पण पदवीधर म्हणून विद्यापीठाच्या कारभारात मत नाही.

म्हणून जे केंब्रिजला जातात त्यांना माझी विनंती आहे, न्यूनहॅमला जा. नदीच्या पलीकडे, सिजविक अव्हेन्यूवर. बेसिल चॅम्पनीजने १८७५ पासून बांधत नेलेलं, लाल विटा, पांढऱ्या चौकटीच्या मोठ्या खिडक्या, मधोमध बाग. जुन्या कॉलेजांसारखं किल्ल्याचं दार आणि दगडी चौक नाही. मुलींना घरासारखं वाटावं अशीच ती रचना आहे. गर्टनही मुळात मुलींचंच, १८६९ ला हिचिनला सुरू झालं आणि १८७३ मध्ये केंब्रिजपासून मुद्दाम काही मैल दूर आलं, कारण मुली मुलांच्या जवळ नकोत. मुलींच्या दोन्ही कॉलेजांची जागासुद्धा काय सांगते पाहा: नदीकाठचं सगळं आधीच वाटलं गेलं होतं.

निनाद_प

सुधाकाकू, हे मुलीला वाचून दाखवलं. न्यूनहॅम यादीत पहिलं.

फोर्टातली

मी मुंबई विद्यापीठाच्या आवारातल्या वारसा फेऱ्या करते. अंजर्लेकर आणि कॅमकाठताई, सेंट जॉन्सचा विषय निघालाय तर त्याचं चॅपल सोडून चालणार नाही. कारण ते ज्याने बांधलं त्यानेच आपला राजाबाई टॉवर आणि दीक्षान्त सभागृह आरेखित केलं: जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. सेंट जॉन्सचं चॅपल १८६९ ला पुरं झालं. आपलं दीक्षान्त सभागृह १८७४ चं, टॉवर १८७८ चा. स्कॉट भारतात कधी आलाच नाही, सगळे नकाशे लंडनहून. इथे कुर्ल्याचा दगड, तिथे इंग्लंडचा, पण तीच टोकदार कमान, तेच गोल चक्राकार खिडकीचं प्रेम.

आणि पैशाची गोष्ट तर दोन्हीकडे एकाच काळातली. सेंट जॉन्सच्या चॅपलला मूळ आराखड्यात एवढा मोठा मनोरा नव्हता. कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्याने, हेन्री होर यांनी, मनोऱ्यासाठी दरवर्षी पैसे द्यायचं कबूल केलं, काम सुरू झालं आणि रेल्वे अपघातात ते गेले. उरलेला खर्च कॉलेजच्या गळ्यात पडला. इकडे प्रेमचंद रायचंद यांनी मुंबईत ग्रंथालयासाठी २ लाख आणि मनोऱ्यासाठी २ लाख रुपये देऊ केले, आणि १८६५ च्या शेअर बाजाराच्या कोसळण्यात ते स्वतः बुडाले. तरी देणगी टिकली आणि टॉवरला त्यांच्या आईचं नाव लागलं. सेंट जॉन्सचा मनोरा १६३ फूट, आपला २८० फूट.

आता एक असहमती. कॅमकाठताई, तुम्ही सहाव्या हेन्रीने पाडलेल्या घरांबद्दल लिहिलंत ते वाचताना वाईट वाटलं, पण मला विचारावंसं वाटतं, चॅपल नसतं तर चाललं असतं का? आपल्या फोर्टच्या भिंती १८६० च्या दशकात पाडल्या म्हणून ओव्हलसमोरची ही सगळी रांग उभी राहिली. आज त्याच रांगेला जागतिक वारसा म्हणून मान आहे. मोठी वास्तू काहीतरी मोडूनच येते.

कॅमकाठ

फोर्टातली, स्कॉटचा दुवा फार मोलाचा. त्याला आणखी जोड देते: केंब्रिजच्या विद्यापीठ ग्रंथालयाचा तो चौकोनी विटांचा मनोरा, १९३४ चा, हा त्याच्या नातवाचा, जाइल्स गिल्बर्ट स्कॉटचा. लंडनच्या लाल टेलिफोन बूथचा कर्ता तोच. एकाच घराण्याचे दोन मनोरे कॅमच्या दोन तीरांवर.

पण स्कॉटचंच उदाहरण घेऊन मी माझ्या मतावर ठाम राहते. त्याने नवं चॅपल उभं केलं आणि शेजारचं जुनं पाडलं. ते जुनं तेराव्या शतकातलं होतं, कॉलेजच्याही आधी तिथे असलेल्या रुग्णालयाचं. आज फर्स्ट कोर्टच्या हिरवळीत त्याच्या पायाची रेघ आखून ठेवली आहे. नवं चॅपल देखणं आहे, असेन्शनच्या (ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या) दिवशी गायकवृंद त्या मनोऱ्यावर चढून गातो तेव्हा खालचा रस्ता थबकतो. तरी ती रेघ पाहिली की मला वाटतं, दोन्ही राहू शकलं असतं.

किंग्ज चॅपलच्या श्रेष्ठतेबद्दल वादच नाही. आत पाऊल टाकलं की २८९ फूट लांब, ८० फूट उंच, आणि मध्ये एकही खांब नाही. छत जॉन वेस्टेलने १५१२ ते १५१५, अवघ्या तीन वर्षांत केलं, आणि पंख्यासारखं पसरत जाणारं याहून मोठं दगडी छत जगात नाही. भिंती चढायला जितकी दशकं लागली तितकीच घाईने छत आलं. बाहेरून पाहिलंत तर काम कुठे थांबलं होतं ते दगडाच्या रंगातही दिसतं, आधीचा पांढरट, यॉर्कशायरचा, नंतरचा वेगळा. लाकडी पडद्यावर आठवा हेन्री आणि ॲन बोलिन यांची आद्याक्षरं आहेत. तिचा शिरच्छेद १५३६ ला झाला, त्यामुळे ते कोरीवकाम कोणत्या चार-पाच वर्षांतलं हे आपोआप कळतं. दुसऱ्या महायुद्धात बहुतेक रंगीत काचा काढून सुरक्षित ठेवल्या होत्या. या सगळ्यावर माझं मनापासून प्रेम आहे. माझं म्हणणं एवढंच की फोर्टच्या भिंतीत लोक राहत नव्हते. मिल्न स्ट्रीटवर राहत होते.

पूलवेडा

मी कॅमकाठ यांच्या बाजूने. पण एक सांगा, २०२३ मध्ये त्या चॅपलच्या छतावर सौर पॅनेल बसवले, त्यावरून तिथे मतभेद झाले असं वाचलं. तुम्हाला काय वाटतं?

कॅमकाठ

मला पटलं. वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेचा आक्षेप होता, पण शिशाचा पत्रा नाहीतरी बदलायचाच होता, आणि कठड्यामुळे रस्त्यावरून पॅनेल दिसत नाहीत. इमारत वापरात राहिली पाहिजे. तसंच मागच्या हिरवळीचं. १७७२ पासून कापून ठेवलेल्या त्या गवताचा मोठा भाग २०२० मध्ये रानफुलांचं कुरण झाला. उन्हाळ्यात खसखशीची आणि निळी फुलं, मागे चॅपल. पुढच्या वर्षी ते कापायला घोडे आणले होते.

गाव आणि विद्यापीठ यांनी मिळून केलेल्या कामाबद्दल लिहायचं राहिलं. १५७४ च्या प्लेगनंतर गावातली घाण धुऊन काढायला दक्षिणेच्या नाइन वेल्स झऱ्यांचं पाणी आणायची कल्पना निघाली. १६१० ला पाट आला, १६१४ ला बाजारचौकात कारंजं. खर्च दोघांनी उचलला. टॉमस हॉब्सन या घोडे भाड्याने देणाऱ्या माणसाने त्याच्या देखभालीसाठी जमीन ठेवली, म्हणून नाव हॉब्सन्स कंड्युट. ट्रंपिंग्टन स्ट्रीटच्या दोन्ही कडांना आजही ते पाणी उघड्या दगडी पन्हळीतून वाहतं, लोक त्यांना पेम आणि पॉट म्हणतात, बाजूच्या पेंब्रोक आणि पीटरहाउस कॉलेजांवरून. निनाद, सासूबाईंना इथे आणा, सपाट रस्ता आहे.

अंजर्लेकर

पुण्याच्या कात्रजच्या पाण्याची आठवण झाली. तेही अठराव्या शतकात गावासाठीच आणलं होतं.

खगोल

उशिरा येतोय. ट्रंपिंग्टन स्ट्रीटवरच फिट्झविल्यम म्युझियम, त्याच्यासमोर जुनं फिट्झविल्यम हाउस. जयंत नारळीकर १९५७ ला बनारसहून आले ते याच फिट्झविल्यम हाउसमध्ये. त्यांचे वडीलही केंब्रिजचेच. १९५९ मध्ये नारळीकर रँग्लर झाले, पुढे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांचे विद्यार्थी, आणि १९६३ ला किंग्जचे फेलो. फिट्झविल्यम कॉलेज नंतर हंटिंग्डन रोडवर गेलं. पण समोरच्या म्युझियमच्या पायऱ्यांवरचे दगडी सिंह त्यांनी रोज पाहिले असणार. म्युझियमचा आरेखक जॉर्ज बासेवी काम अर्धवट असतानाच ईलीच्या कॅथीड्रलमध्ये उंचावरून पडून गेला, १८४५ मध्ये.

तिथून पाच मिनिटांवर फ्री स्कूल लेन. जुनी कॅव्हेंडिश प्रयोगशाळा, १८७४. इथे १८९७ ला इलेक्ट्रॉन, १९३२ ला न्यूट्रॉन. होमी भाभांचं संशोधन इथलंच, त्यांचं कॉलेज कीझ. आवारात शेजारच्या मॉंड प्रयोगशाळेच्या भिंतीवर एरिक गिलने कोरलेली मगर आहे, १९३३ ची. इथे काम करणारा भौतिकशास्त्रज्ञ कपित्झा कॅव्हेंडिशचा प्रमुख रदरफर्ड याला मगर म्हणत असे. गल्लीच्या टोकाशी बेनेट स्ट्रीटवर ईगल पब, जिथे २८ फेब्रुवारी १९५३ ला शास्त्रज्ञ फ्रान्सिस क्रिकने डीएनएची रचना उलगडल्याचं जाहीर केलं. मागच्या खोलीच्या छतावर महायुद्धातल्या वैमानिकांनी मेणबत्त्या आणि लायटरच्या धुराने नावं आणि तुकड्यांचे आकडे लिहिले आहेत, ते जपलेत.

ट्रिनिटीची रेन लायब्ररी चुकवू नका. १६९५ ची. तिचा आरेखक क्रिस्टोफर रेनने मजल्याची जमीन मुद्दाम खाली घेतली, बाहेरच्या कमानींच्या अर्ध्या उंचीवर, त्यामुळे आत कपाटांच्या वर प्रचंड खिडक्या बसल्या. याच ग्रंथालयात १९७६ ला रामानुजनची हरवलेली वही सापडली. रामानुजन पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत ट्रिनिटीच्या दारासमोरच्या व्ह्यूएल्स कोर्टमध्ये राहत होते. उघडण्याच्या वेळा फार थोड्या असतात, आधी पाहून घ्या.

फोर्टातली

कॅमकाठताई, ‘मिल्न स्ट्रीटवर लोक राहत होते’ हे वाक्य पटलं. या महिन्याच्या फेरीत दीक्षान्त सभागृहासमोर उभी राहून सेंट जॉन्सच्या हिरवळीतल्या त्या रेघेबद्दल सांगणार आहे. तिचा जवळून काढलेला एखादा फोटो टाकाल का?

कॅमकाठ

नक्की टाकते. परांजपेंसाठी सेनेट हाउसचाही टाकते, अंजर्लेकर.

आणि ज्यांच्याकडे अर्धा दिवस जास्त आहे त्यांनी न्यूमार्केट रोडला जावं. रेल्वेच्या पुलाजवळ एक छोटं नॉर्मन चॅपल आहे, बाराव्या शतकातलं, कुष्ठरोग्यांसाठी बांधलेलं. त्यांच्या उदरनिर्वाहासाठी राजा जॉनने तिथे जत्रा भरवायची परवानगी दिली. तीच स्टुअरब्रिजची जत्रा पुढे युरोपातल्या मोठ्या जत्रांपैकी एक झाली. माल नदीनेच यायचा. शेवटची जत्रा १९३३ ला भरली. चॅपल बाहेरून केव्हाही पाहता येतं, आतून उघडं असण्याचे दिवस ठरलेले असतात. मॅग्डलीन पुलापासून काठाकाठाने मिडसमर कॉमनवरून चालत गेलं तर वाट सगळी सपाट आहे.